टॅब आणि पुस्तकासाठी बीन बॅगचे टेकण घरी शिवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवणाची थोडीफार सवय असलेल्या कोणालाही एका दुपारी पुरे करता येईल, असे हे काम आहे. खाली दिलेली मापे आणि क्रम मी स्वतः शिवलेल्या टेकणांवरून लिहिले आहेत. गोव्यातील दमट हवेत काय टिकते आणि काय टिकत नाही याकडे मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे, कारण या वस्तूचे यश शिवणीपेक्षा भरणावर अवलंबून असते.

प्रश्न : हे टेकण म्हणजे नेमके काय, आणि साध्या उशीपेक्षा ते वेगळे कसे?

तबलजी तबल्याखाली जी चुंबळ ठेवतो, तिचेच तत्त्व येथे वापरलेले आहे. गोल बुडाची वस्तू कठीण जमिनीवर डुगडुगते, पण मऊ आधारात थोडी रुतली की स्थिर राहते. टॅबचे तसेच आहे. टेकण चार त्रिकोणी पाखांचे असते. एक पाख जमिनीवर किंवा मांडीवर बसते आणि समोरच्या पाखेवर टॅब किंवा पुस्तक रेलते. त्या पाखेच्या खालच्या कडेला कापडाचा एक भरीव कठडा असतो, तो वस्तू खाली घसरू देत नाही. साध्या उशीला हा कठडा नसतो, शिवाय तिचे वजन सगळीकडे सारखे विभागलेले असते, त्यामुळे टॅब ठेवताच ती मागे कलंडते. टेकणात जड भरण तळाशी आणि हलके वर असते, म्हणून ते अंथरुणावर, झोपाळ्यावर किंवा बाल्कांवातल्या (घराच्या दर्शनी ओसरीतल्या) सोप्यावरही जागचे हलत नाही.

प्रश्न : कापड किती लागते आणि ते कोणत्या मापाने कापावे?

दहा इंची टॅब आणि नेहमीच्या आकाराची पुस्तके यांसाठी पूर्ण झालेल्या शिवणीची रुंदी ३० सेंटिमीटर धरावी. त्यासाठी ६२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असा एकच आयताकृती तुकडा पुरतो. यात चारही बाजूंनी १ सेंटिमीटर शिलाईची जागा धरलेली आहे. कठड्यासाठी २६ × १२ सेंटिमीटरची पट्टी आणि वजनाच्या आतील पिशवीसाठी मांजरपाटाचे २२ × २० सेंटिमीटरचे दोन तुकडे वेगळे कापावेत. एकंदरीत अर्धा मीटर कापडात हे सारे बसते, आणि शिंप्याकडील कातरणांतूनही बऱ्याचदा भागते.

२८ सेंटिमीटरचा आकडा मनाने ठरवलेला नाही. शिलाई वजा जाता उंची २६ सेंटिमीटर राहते, आणि ३० रुंदीला २६ उंची आली की चारही पाखा जवळजवळ समभुज त्रिकोण होतात. अशा आकारात समोरची पाख तळाशी सुमारे ७० अंशांचा कोन करते. टेबलाशी ताठ बसून वाचणाऱ्याला तो सोयीचा असतो.

प्रश्न : मला पलंगावर रेलून वाचायचे आहे. ७० अंश फार उभे वाटतात. कोन कमी करता येईल का?

येतो, आणि त्यासाठी फक्त तुकड्याची उंची वाढवावी लागते. रुंदी तीच ठेवून उंची २८ ऐवजी ३२ सेंटिमीटर कापली, तर शिवल्यावर रुंदी आणि उंची दोन्ही ३० होतात आणि कोन बरोबर ६० अंशांवर येतो. अनेकांना वाटते की पिशवी बुटकी केली म्हणजे पाख अधिक आडवी होईल. प्रत्यक्षात उलटे घडते : उंची जितकी कमी, तितकी पाख अधिक उभी राहते. कागदाच्या आयताची नळी करून तिची दोन्ही तोंडे एकमेकांस काटकोनात चिकटवून पाहिल्यास हे पाच मिनिटांत ध्यानात येते, आणि कापडाला कात्री लावण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येकाने करावा असे माझे मत आहे. भरण भरल्यावर पाखा फुगतात आणि वस्तू थोडी रुतते, त्यामुळे प्रत्यक्षातील कोन यापेक्षा दोन-चार अंश इकडेतिकडे होतो.

प्रश्न : कापड कोणते निवडावे?

जाड सुती कापड सर्वांत चांगले. कॅनव्हास, जुनी जीन्स, पडद्याचे सुती कापड किंवा घट्ट विणीची खादी चालते. साटीन, नायलॉन आणि गुळगुळीत पॉलिस्टर टाळावे, कारण टॅबची काच किंवा धातूची पाठ त्यावरून सरकते. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात आवरण आटते आणि आतील पिशवी पुन्हा आत जात नाही.

तांबड्या चौकटीच्या कुणबी कापडाविषयी अनेकजण विचारतात. गोव्याचे हे हातमागाचे कापड फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्यामुळे पुन्हा लोकांच्या नजरेत आले आणि टेकणावर ते दिसतेही देखणे. मात्र शिवणीवर ताण आला की हातमागाच्या कापडाचे धागे सरकू शकतात, म्हणून त्याला मांजरपाटाचे अस्तर जोडून दोन्ही थर एकत्रच कापावेत व एकत्रच शिवावेत. घरातील जुन्या लुगड्याचा काठापदराजवळचा चांगला भाग वापरायचा असेल तर हाच नियम लागू पडतो.

प्रश्न : शिवणाचा क्रम कसा असावा?

क्रम चुकला की उसवावे लागते, म्हणून येथे थोडे सावकाश सांगतो.

प्रथम कठडा तयार करावा. २६ × १२ ची पट्टी लांबीत, सुलट बाजू आत घेऊन दुमडावी, दोन्ही आखूड टोकांना १ सेंटिमीटरवर टीप मारावी आणि ती उलटवावी. आता २४ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद अशी एका लांब बाजूने उघडी पिशवी मिळते. तीत कापूस किंवा पॉलिफिल (उशीत भरतात तो कृत्रिम कापूस) घट्ट भरावे, परंतु उघड्या कडेपासून दीड सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि तेथे कच्ची टीप घालून भरण आतच अडवावे. ही जागा मोकळी न ठेवल्यास पुढे मशीनचा पाय त्या फुगवट्यावर चढत नाही आणि टीप वाकडी जाते.

त्यानंतर मोठा तुकडा सुलट बाजू आत घेऊन ६२ सेंटिमीटरच्या मधोमध दुमडावा आणि २८ सेंटिमीटरच्या दोन कडा एकमेकींवर आणून शिवाव्यात. त्यामुळे एक नळी तयार होते. ही शिवण इस्त्रीने दोन्ही बाजूंना उघडून सपाट करावी.

आता नळीचे वरचे तोंड असे चपटे करावे की नुकतीच घातलेली शिवण त्या तोंडाच्या अगदी मध्यावर येईल. या ३० सेंटिमीटरच्या कडेवर मध्यभागी २० सेंटिमीटरची चेन लावावी आणि दोन्ही टोकांची पाच-पाच सेंटिमीटर जागा साध्या टिपेने बंद करावी. खालचे तोंड अजून उघडे असल्यामुळे चेन लावताना हात मोकळा राहतो. हीच सोय मिळावी म्हणून चेन आधी आणि तळ नंतर, हा क्रम मी पाळतो. काम झाल्यावर चेन उघडीच ठेवावी.

शेवटी खालचे तोंड वरच्या तोंडाशी काटकोनात चपटे करावे, म्हणजे नळीची शिवण या वेळी मध्यावर न येता एका टोकाला जाते. टेकणाचा आकार या एकाच वळणातून येतो. दोन्ही तोंडे एकाच दिशेने चपटी केली तर हाती साधी उशी येते, आणि नवशिक्यांची सर्वाधिक उसवाउसवी याच ठिकाणी होते. तयार कठडा दोन थरांच्या मध्ये, त्याची उघडी कड आणि तळाची कड जुळवून, मधोमध ठेवावा. टाचण्या लावाव्यात आणि चेन लावण्याचा एकेरी पाय बसवून १ सेंटिमीटरवर टीप मारावी. या कडेवर पुढे सगळा ताण येतो, म्हणून दुसरी टीप पहिलीच्या अगदी लगत घालावी. कोपऱ्यांवरील जादा कापड छाटून पिशवी चेनमधून उलटवली की कठडा आपोआप बाहेर येतो, समोरच्या पाखेवर एकही शिवण राहत नाही आणि चेन पाठीमागच्या कडेवर जाते, जेथे ती टॅबला ओरखडे पाडू शकत नाही.

प्रश्न : शिवणयंत्र नसेल तर हाताने शिवता येईल का?

येईल. साध्या धावदोऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण वजन पडताच त्याचे टाके उघडतात. दुहेरी दोरा घेऊन मागचा टाका घालावा आणि एका सेंटिमीटरमध्ये चार टाके बसतील इतके ते जवळ घ्यावेत. चेनऐवजी १२ सेंटिमीटरची जागा उघडी ठेवून भरण भरावे व ती हाताने शिवून टाकावी. आवरण धुताना तेवढी शिवण उसवावी लागते, एवढीच गैरसोय.

प्रश्न : मशीनची सुई आणि टाका किती ठेवावा?

सुती कापडाला १४ नंबरची आणि जीन्स किंवा कॅनव्हासला १६ नंबरची सुई वापरावी. टाक्याची लांबी बाहेरील आवरणासाठी अडीच मिलिमीटर आणि आतील पिशवीसाठी दोन मिलिमीटर ठेवावी.

प्रश्न : आत काय भरावे? तांदूळ चालतात का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर गोव्यात आणि कोरड्या प्रदेशात सारखे असू शकत नाही.

तांदूळ, मूग, वाल अशी धान्ये वजनाला उत्तम आणि हाताळायला सुखद असतात, यात शंका नाही. मी पहिले टेकण मे महिन्यात उकड्या तांदळाने भरले होते. पाऊस लागला, दारे-खिडक्या बंद राहू लागल्या, आणि चतुर्थीच्या साफसफाईत ते हातात घेतले तेव्हा त्याला कुबट वास येत होता व चेनच्या फटीतून सोंडकिडे बाहेर पडत होते. धान्य हवेतील ओलावा शोषून घेते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडील हवेत तो इतका असतो, की कपाटातील चामड्याच्या चपलांनाही बुरशी धरते. धान्यच भरायचे असेल तर ते कढईत मंद आचेवर चांगले गरम करून, पूर्ण गार झाल्यावर भरावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काढून टाकावे. तेवढी खटपट वर्षानुवर्षे कोणी करील असे मला वाटत नाही.

चिंचोके हा आपल्याकडचा जुना आणि फुकटचा पर्याय. उन्हाळ्यात वर्षभराची चिंच फोडून मिठात घालून ठेवतात, तेव्हा ते ढिगाने उरतात. त्यांना चिकटलेला गर आंबट असतो आणि ओलावाही ओढतो, म्हणून चिंचोके दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावेत, कडक उन्हात चार दिवस वाळवावेत आणि नंतर हलके भाजावेत. चिंचोक्यालाही भोक पाडणारा किडा असतो, भाजल्याने तो मरतो.

माझी स्वतःची पसंती मत्स्यालयात घालण्याच्या गोल, बारीक खड्यांना आहे. ते कुजत नाहीत, त्यांना कीड लागत नाही आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. ते धान्यापेक्षा जड असल्याने तेवढ्याच वजनाला जवळपास निम्मी जागा व्यापतात. फक्त खडे टोकदार नसावेत, नाहीतर ते मांजरपाट आतून झिजवतात.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावरची वाळू भरली तर?

भरू नये. तिच्यातील मीठ हवेतून पाणी ओढते, त्यामुळे पावसाळ्यात पिशवी ओलसर राहते. धुऊन मीठ काढता येते, परंतु वाळूचे बारीक कण कितीही घट्ट विणीतून झिरपतात आणि टॅबच्या चार्जिंगच्या भोकात किंवा स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतात. पुस्तकाच्या पानांत गेलेली वाळू तर कधीच पूर्ण निघत नाही.

प्रश्न : काजूची टरफले भरपूर पडलेली असतात. ती वापरावीत का?

कृपया वापरू नयेत. काजूच्या टरफलातील तेल दाहक असते, त्याने कातडी पोळते आणि कापडावर न निघणारे काळे डाग पडतात. टरफल सुकलेले दिसले तरी तेल आत राहते. हाच नियम सालीसकट असलेल्या कच्च्या बियांनाही लागू आहे.

प्रश्न : वजन किती असावे आणि हलके भरण कोणते?

दहा इंची टॅब साधारण अर्धा किलोचा असतो, आणि टेकणाचे वजन त्याच्या दीडपट तरी असावे असा माझा अनुभव आहे. त्यानुसार आतील पिशवीत ७०० ग्रॅम जड भरण घालावे. ही पिशवी शिवून २० × १८ सेंटिमीटरची होते. धान्याने किंवा चिंचोक्यांनी ती दोन-तृतीयांश भरते, खड्यांनी त्याहून कमी. उरलेली जागा रिकामीच ठेवावी, म्हणजे दाणे हलू शकतात आणि पिशवी मांडीच्या आकाराप्रमाणे बसते. संपूर्ण टेकण तांदळानेच भरले तर त्याचे वजन अडीच किलोवर जाते आणि ते मांडीवर अर्धा तासही ठेवता येत नाही.

वजनाची पिशवी तळाच्या पाखेवर, कठड्याच्या बाजूला न सरकवता मध्यावर ठेवावी. तिच्यावर पॉलिफिल भरावे, १२५ ते १५० ग्रॅम पुरते. वरच्या टोकाकडे ते बोटांनी दाबून जरा घट्ट भरावे, कारण टॅबची वरची कड तेथेच टेकते. पॉलिफिल गादीवाल्यांकडे मिळते. सावरीचा कापूसही चालतो आणि तो पाणी सहसा धरत नाही, पण त्याचे गोळे होतात आणि दर वर्षी पिंजून घ्यावा लागतो. थर्माकोलचे दाणे मी सुचवत नाही. ते काही महिन्यांत दबतात, आणि पिशवी फाटली तर घरभर उडून हाताला, केरसुणीला, मांजराला, सगळ्याला चिकटतात.

प्रश्न : घरात लहान मूल आहे. काही काळजी घ्यावी लागेल का?

होय. दाणे, चिंचोके, खडे आणि विशेषतः थर्माकोलचे दाणे मुलाच्या नाकात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतात. आतील पिशवीला चेन लावू नये, ती चारही बाजूंनी दुहेरी टिपेने कायमची बंद करावी. बाहेरील चेनचा ओढण्याचा भाग काढून टाकून ती गरजेच्या वेळी सेफ्टी पिनेने उघडावी, म्हणजे लहान बोटांना ती उघडता येत नाही.

प्रश्न : टॅब टेकणावर ठेवून चार्ज केला तर चालेल का?

पाठ कापडात रुतलेली असताना चार्जिंग करणे टाळावे. बहुतेक टॅबना पंखा नसतो, त्यांची उष्णता पाठीतूनच बाहेर पडते, आणि भरलेले कापड ती अडवते. अ‍ॅपल कंपनी आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस इतक्या हवेची मर्यादा सांगते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आपण त्या मर्यादेपासून फार दूर नसतो. लॅपटॉप मात्र या टेकणावर ठेवूच नये, त्याच्या हवेच्या फटी बंद होतात.

प्रश्न : पोथी किंवा जाड ग्रंथ यावर राहील का?

पारायणाचा मोठा ग्रंथ उघडल्यावर ३० सेंटिमीटरच्या टेकणापेक्षा रुंद होतो आणि त्याची दोन्ही अंगे खाली लोंबतात, त्यामुळे त्याला लाकडी घडीची चौकीच योग्य. सुट्या पानांची पोथी तर यावर थांबतच नाही. भजनाची वही, कादंबरी, मासिक, शाळेचे पुस्तक मात्र व्यवस्थित राहते, आणि वाचनालयातून आणलेल्या जुन्या बांधणीच्या पुस्तकाची पाठ मऊ आधारात कमी ताणली जाते. पाने मिटू नयेत म्हणून २ सेंटिमीटर रुंद इलॅस्टिकची एक पट्टी, दोन्ही टोके तळाच्या शिवणीत कठड्याच्या दोन बाजूंना अडकवून, आधीच शिवून घ्यावी. ती पानांच्या खालच्या कोपऱ्यांवरून घेतली की फॅनच्या वाऱ्यातही पान उलटत नाही.

प्रश्न : फक्त मोबाईलसाठी लहान टेकण हवे आहे. सोपा मार्ग कोणता?

जुन्या जीन्सचा पाय घ्यावा. तो तयार नळीच असतो, त्यामुळे लांब शिवण वाचते. चपटा केल्यावर २० सेंटिमीटर रुंद असेल अशा ठिकाणी २० सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापावा, एक तोंड एका दिशेने आणि दुसरे त्याला काटकोनात बंद करावे. कठड्याची पट्टी १६ सेंटिमीटरची पुरे. वजनासाठी २०० ग्रॅम खडे भरपूर झाले.

प्रश्न : आवरण धुवायचे कसे आणि पावसाळ्यात ते वाळवायचे कुठे?

चेन उघडून वजनाची पिशवी व पॉलिफिल बाहेर काढावे आणि आवरण नेहमीच्या कपड्यांबरोबर धुवावे. कठडा आवरणाला जोडलेला असल्यामुळे तो वाळायला सर्वांत जास्त वेळ घेतो, आणि पावसाळ्यात वास येतो तो बहुधा त्याचाच. म्हणून कठड्यात कापसापेक्षा पॉलिफिल बरे. पंख्याखाली, कठडा वर येईल असे दोरीवर टांगून दोन दिवस ठेवावे आणि बोटांनी दाबून आतून कोरडा आहे याची खात्री केल्याशिवाय पुन्हा भरू नये. मी दोन आवरणे शिवून ठेवतो आणि जून ते सप्टेंबरमध्ये आलटून-पालटून वापरतो. नव्या वस्तूंच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आतील पॉलिफिलमध्ये दोन-तीन ठेवल्यास फायदा होतो, पण घरात लहान मूल असेल तर त्या ठेवू नयेत.

प्रश्न : काही महिन्यांनी टेकण एका बाजूला झुकू लागले. दुरुस्ती होईल का?

बहुतेक वेळा वजनाची पिशवी सरकलेली असते. चेन उघडून ती मध्यावर आणावी आणि तिच्या दोन कोपऱ्यांना तळाच्या पाखेशी आतून चार-चार टाके घालावेत. टोक लिबलिबीत झाले असेल तर मूठभर पॉलिफिल वाढवावे. कठडाच खाली वाकत असेल, तर दोष तळाच्या एकेरी टिपेत असतो. तेवढी कड उसवून दुहेरी टीप घालण्यावाचून दुसरा उपाय नाही.